जहाजाच्या बाजूवरील रेघ
सॅम्युएल प्लिमसोल यांचे चरित्र

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याभोवती कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे अनुवादाच्या 22 व्या अध्यायात सांगितले आहे. पडणारा मनुष्य कदाचित बेसावध असेल. तथापि जाब प्रथम घर बांधणाऱ्यास द्यावा लागतो. हेच तत्त्व समुद्रावरील जहाजांस लागू व्हावे म्हणून ज्या गृहस्थाने आपले बळ वेचिले, त्याची हकीकत आज प्रिय वाचकांपुढे ठेवितो.

सॅम्युएल प्लिमसोल यांचा जन्म इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी ता. 10 फेब्रुवारी 1824 रोजी झाला. तरुणपणी त्यांनी शेफील्ड येथे मद्याच्या एका कारखान्यात कारकुनी केली व पुढे तेथेच व्यवस्थापकाच्या पदास चढले. नंतर लंडनात त्यांनी कोळशाचा व्यापार आरंभिला, पण तो बुडाला. स्वस्त भाड्याच्या सार्वजनिक खोल्यांत मजुरांच्या शेजारी दिवस काढण्याची पाळी आली. गरिबांचे कष्ट व एकमेकांविषयीची त्यांची माया त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिली, आणि पुढे चांगले दिवस आल्यावरही तो धडा ते विसरले नाहीत. 1868 साली डर्बी शहराने त्यांस पार्लमेंटात निवडून पाठविले.

त्या काळी कित्येक मालक जुनी, कुजकी जहाजे रंग देऊन समुद्रात धाडीत आणि त्यांत बेसुमार माल भरीत. जहाज फार खोल बसले म्हणजे लाटा सहज वर चढतात. मग कप्तान कितीही कुशल असो, त्याच्या हाती फारसे काही राहत नाही. रात्रंदिवस पंप मारून थकलेला खलाशी चुकला तर त्यात नवल ते काय! विम्यामुळे मालकाचा पैसा मात्र पुष्कळदा सुरक्षित असे. एकदा करारावर सही केल्यावर खलाशाने भिऊन जाण्यास नकार दिला, तर त्यास तुरुंगात घालीत. अशा जहाजांस लोक तरंगत्या शवपेट्या म्हणत.

बाहेरील बाजूवर एक रेघ असावी व ती बुडेल इतका माल भरू नये, ही सूचना न्यूकॅसलचे जेम्स हॉल यांनी अगोदरच केली होती. ते स्वतः जहाजमालक होते. यावरून सर्वच मालक निर्दय नव्हते हे दिसते. प्लिमसोल यांनी ती सूचना उचलून धरिली व 1873 साली खलाशांच्या दुःखाविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. राष्ट्र हलले; पण मालकांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे खटलेही भरिले.

ता. 22 जुलै 1875 रोजी सरकारने जहाजांविषयीचे विधेयक मागे ठेविले. तेव्हा प्लिमसोल यांचा तोल सुटला. भर सभेत त्यांनी काही सभासदांस दुष्ट म्हटले व मूठ उगारिली. त्यांस बाहेर जावे लागले. आठवड्याने त्यांनी क्षमा मागितली. मनुष्याच्या चुकीपासून इतरांस वाचवू पाहणारा हा पुरुष स्वतःही चुकला, व ते त्याने नम्रपणे पदरी घेतले. लोकमताच्या दडपणाने 1876 साली कायदा झाला: 12 इंच व्यासाचे वर्तुळ व त्यातून आडवी गेलेली 18 इंचांची रेघ.

परंतु ही रेघ कोठे ओढावी हे मालकाच्याच मर्जीवर सोडिले होते! एका कप्तानाने ती धुराड्यावर काढिली, असे सांगतात. ज्याच्या लोभास आळा घालावयाचा, त्याच्याच हाती माप दिले तर ते माप कसले? ही उणीव 1890 साली दूर झाली व रेघेची जागा कायद्याने ठरली. पुढे उन्हाळा व हिवाळा, गोडे पाणी व खारे पाणी यांसाठी निरनिराळ्या रेघा आल्या. कारण गोड्या पाण्यात जहाज अधिक खोल बसते आणि हिवाळी वादळात अधिक उंची पाण्याबाहेर ठेवावी लागते. ता. 3 जून 1898 रोजी फोकस्टन येथे प्लिमसोल यांचा अंत झाला. 1930 साली लंडन येथे अनेक राष्ट्रांनी भाररेषेचा करार केला. मुंबई बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या बाजूवर हे चिन्ह आजही पाहावयास मिळते.

बंधुभगिनींनो, ही रेघ खलाशाचा अपमान करीत नाही. मनुष्य थकतो, विसरतो व मोहात पडतो, हे ती आधीच जाणते. मंडळीचे दान दोघांनी मिळून मोजावे व त्याच दिवशी वहीत लिहावे, असे सांगितले म्हणजे आपल्यापैकी कित्येकांस राग येतो. तो येऊ नये. खजिनदार अप्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नव्हे. तोही मातीचाच आहे, आणि त्यास पडू न देणे हे प्रीतीचे काम आहे. गावच्या विहिरीस कठडा नसेल तर मूल पडल्यावर त्याच्या आईस बोल लावण्यापेक्षा आजच चार दगड रचावे. आपल्या घरी, शेती व मंडळीत कोठे कठडा राहिला आहे, हे प्रत्येकाने प्रभूसमोर पाहावे.