आर्थर सेसिल पिगू

आर्थर सेसिल पिगू (१८ नोव्हेंबर, इ.स. १८७७ – ७ मार्च, इ.स. १९५९) हे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ होते. कल्याणाच्या अर्थशास्त्राचे ते प्रवर्तक मानले जातात. ज्याच्या कृतीने इतरांची हानी होते त्याने तिची किंमत कररूपाने द्यावी, हा विचार त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. प्रदूषणकारी वाहनांवरील आजच्या शुल्कांचा तात्त्विक आधार हाच आहे. अशा करांना 'पिगू कर' म्हटले जाते.

जीवन

पिगूंचा जन्म वाइट बेटावरील राइड येथे झाला. वडील सेनाधिकारी होते. हॅरो येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रथम इतिहासाचा, नंतर नीतिशास्त्र व अर्थशास्त्राचा अभ्यास केला. इ.स. १९०८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आल्फ्रेड मार्शल यांच्या जागी ते प्राध्यापक झाले आणि इ.स. १९४३ पर्यंत त्या पदावर राहिले. पहिल्या महायुद्धात सुट्ट्यांच्या काळात त्यांनी आघाडीवर रुग्णवाहिका चालवली. त्या अनुभवानंतर ते एकांतप्रिय झाले. ते अविवाहित होते. गिर्यारोहण हा त्यांचा आवडता छंद होता.

विचार

'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' (इ.स. १९२०) या ग्रंथात त्यांनी उत्पादकाचा खाजगी खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च यांतील तफावत दाखवली. कारखान्याच्या धुरामुळे इमारती व झाडे खराब होतात, कपडे धुण्याचा व घरे झाडण्याचा खर्च वाढतो. मात्र तो कारखानदाराच्या हिशेबात येत नाही. कर लावून ही तफावत भरून काढता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोटारी रस्ते झिजवतात म्हणून ब्रिटनमध्ये पेट्रोलवर व मोटार परवान्यावर घेतला जाणारा कर हे या तत्त्वाचे अपुरे उदाहरण असल्याचे त्यांनी नोंदवले. शासनसंस्थाही अज्ञान, दबाव व भ्रष्टाचार यांना बळी पडू शकते, याची त्यांना जाणीव होती.

टीका

जॉन मेनार्ड केन्स यांनी इ.स. १९३६ मध्ये पिगूंच्या बेरोजगारीविषयक सिद्धान्तावर टीका केली. रोनाल्ड कोस यांनी इ.स. १९६० मध्ये कराच्या तत्त्वालाच आव्हान दिले. वाटाघाटींचा खर्च नसेल तर बाधित व बाधक परस्पर समझोत्यानेही प्रश्न सोडवू शकतात, असे त्यांनी दाखवले. मात्र लाखो वाहने आणि लाखो नागरिक यांच्यात असा समझोता व्यवहारात शक्य नसतो.

प्रभाव

सिंगापूरने इ.स. १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागात प्रवेशासाठी वाहनशुल्क सुरू केले. लंडनने इ.स. २००३ मध्ये गर्दीसाठी आणि इ.स. २०१९ मध्ये जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांसाठी शुल्क लावले.

महाराष्ट्राने इ.स. २०१० मध्ये जुन्या वाहनांवर पर्यावरण कर लागू केला. तो परिवहन वाहनांना ८ वर्षांनंतर व खाजगी वाहनांना १५ वर्षांनंतर द्यावा लागतो. हा कर वाहनाच्या वयावर ठरतो, ते कोठे व किती धावते यावर नाही. त्यामुळे शिरूरहून नगर रस्त्याने रोज पुण्यात येणारा जुना मालट्रक आणि दौंड तालुक्यातच शेतमाल वाहणारा त्याच वयाचा व प्रकारचा ट्रक यांना सारखाच कर पडतो. पिगूंच्या तत्त्वानुसार मात्र दाट वस्तीत अधिक लोकांना धूर देणाऱ्या वाहनावर अधिक भार यायला हवा.