माहीमचे फकीह आणि आपले फिरते काळीज

डिसेंबरात माहीमच्या जत्रेचे दिवस आले, की आमच्या ऐरोलीतील घरेच्या घरे लोकलने निघतात. संदलचा पहिला मान पोलिसांचा, हेही सर्वांना ठाऊक असते. मात्र ज्यांच्या कबरीपाशी हे सारे जातात, त्या हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांनी आयुष्यभर काय केले, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. (कबरीवरील चालीरीतींचा वाद हा येथे विषय नाही.)

त्यांचा जन्म हिजरी 776 चा. माहीम तेव्हा स्वतंत्र बेट व नांदते बंदर होते. घराणे नवायत, म्हणजे समुद्रमार्गे कोकण किनाऱ्यावर येऊन स्थिरावलेल्या अरब वंशाच्या मुसलमानांचे. बालपणीची एक कथा परंपरेने जपली आहे. रात्री आईने पाणी मागितले. पेला घेऊन ते आले, तोवर तिला झोप लागली होती. त्यांनी तिला उठवले नाही आणि पेलाही खाली ठेवला नाही. फजरच्या वेळी तिचे डोळे उघडले, तेव्हा मुलगा तसाच उभा होता. आईने दुआ केली. लोक या दुआचे फळ सांगतात. मला त्या उभे राहण्याचे अधिक वाटते. हाकेला धावणारे पुष्कळ असतात. हाक थांबल्यावरही उभा राहणारा विरळा.

सूरह यूनुसमध्ये कुरआनाने जहाजावरील माणसांचे चित्र रेखाटले आहे. वादळाने घेरले की ती केवळ अल्लाहला आळवतात, कृतज्ञ राहण्याचे वचन देतात आणि सुखरूप सुटताच पुन्हा बंडखोरी करू लागतात. जहाजांची सतत ये-जा असलेल्या बेटावर मखदूम साहेबांनी ही आयत कितीदा पढली असेल! अरबीत हृदयाला कल्ब म्हणतात. उलटणे, फिरणे याच धातूपासून हा शब्द येतो.

या फिरत्या काळजाला त्यांनी कुरआनाशी बांधून ठेवले. ते फकीह होते. इब्ने अरबींच्या विचारांचे जाणकार भाष्यकारही होते. पण त्यांची खरी कमाई म्हणजे ‘तब्सीरुर्रहमान’ हा अरबी तफसीर. आयतींमधील परस्परसंबंध त्यात उलगडून दाखवला आहे. शिवाय, सूरह तौबा वगळता 113 सूरहांच्या आरंभी तीच बिस्मिल्लाह येते. मखदूम साहेब प्रत्येक ठिकाणी त्या सूरहच्या आशयानुसार तिचा नवा अर्थ लावतात. एकोणिसाव्या शतकात हा ग्रंथ इजिप्तमध्ये बूलाकच्या छापखान्यात छापला गेला. हिजरी 835 मध्ये माहीममध्येच त्यांचा इंतकाल झाला.

मार्च 2020 मध्ये मशिदींची दारे बंद झाली, तेव्हा लोक मला फोनवर रडून सांगत, की इमामसाहेब, एकदा सजदा करू द्या, पुन्हा कधी नमाज चुकणार नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दारे अखेर उघडली आणि पहिल्या जुमाला सफा जिन्यापर्यंत गेल्या. आज फजरला पहिली सफही भरत नाही. त्यांना काय बोलू? दिवसभरात मी स्वतः जितक्यांदा बिस्मिल्लाह म्हणतो, त्यातल्या किती वेळा काळीज हजर असते?

गेल्या महिन्यापासून फजरनंतर आम्ही मखदूम साहेबांच्या पद्धतीने थोडे थोडे वाचू लागलो आहोत. तीन वृद्ध आणि रात्रपाळी संपवून येणारा एक रिक्षाचालक. अजून सूरह फातिहाच्या बिस्मिल्लाहवरच आहोत.