कॉर्बेटची भिंत

हुबळीहून कारवारकडे येताना कलघटगीपासून रान दाटू लागते. रानकडेच्या शेतकऱ्याला हत्ती-रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी माळ्यावर रात्र काढावी लागते. त्याच्या संतापातून फासे लागतात, तारांत वीज सोडली जाते, आणि चोरट्या शिकाऱ्याला वाटाड्याही गावातच मिळतो. अशा वेळी जिम कॉर्बेट यांचे स्मरण होते.

नैनितालला १८७५ साली जन्मलेल्या कॉर्बेट यांची कीर्ती चंपावतची वाघीण (१९०७) व रुद्रप्रयागचा बिबट्या (१९२६) या नरभक्षकांच्या शिकारीमुळे झाली. आम्हांस मात्र त्यांचे कालाढुंगीजवळचे काम मोठे वाटते. १९१५ साली त्यांनी छोटी हल्द्वानी हे जवळजवळ ओसाड गाव विकत घेऊन तेथे कुळे वसविली आणि रानडुकरांच्या उपद्रवापायी गावाभोवती दगडी भिंत घालविली. १९२५ च्या सुमारास ती पुरी झाली. खर्च मालकाचा, पीक कुळाचे! पीक घरी येऊ लागले की जनावरावरचा राग ओसरतो, हे या शिकाऱ्याने जाणले होते. पुढे ते बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यातच अधिक रमले. १९४७ मध्ये ते केनियाला गेले. जमीन कुळांकडेच राहिली. १९५५ साली न्येरी येथे ते निवर्तले. राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर. छोटी हल्द्वानीच्या भिंतीचे भाग आजही उभे आहेत.