दखनी कवि वली

उर्दू काव्याचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें दिल्ली व लखनौ हीं शहरें उभीं राहतात. परंतु दिल्लीच्या कवींस आपल्या बोलभाषेची योग्यता ज्याच्या काव्यानें पटली, तो वली आपल्या दक्षिणेंतला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. यास्तव त्याचें अल्पचरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

वलीचा जन्म सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. कांहीं विद्वान् त्याची जन्मभूमि गुजराथ मानतात. तथापि मीर तकी मीर या थोर कवीनें १७५२ सालच्या आपल्या कविचरित्रसंग्रहांत त्यास औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, म्हटलें आहे. हें शहर त्या काळीं मोगलांच्या दक्षिणेंतील कारभाराचें मुख्य ठाणें होतें. उत्तरेकडून आलेले सरदार व शिपाई आणि येथील रहिवासी यांच्या बोली तेथील बाजारांत एकमेकींत मिसळत.

दखनी बोलींत काव्य करणारा वली हा कांहीं पहिला कवि नव्हे. गोवळकोंडें व विजापूर येथील दरबारांनीं या बोलीस पूर्वींच आश्रय दिला होता. १५९१ सालीं हैदराबाद वसविणारा सुलतान महंमद कुली कुतुबशहा हा स्वतः दखनीचा मोठा कवि होता. या बोलींत मराठी शब्दही बरेच आढळतात. वलीनें या परंपरेंत फारसी काव्यांतील कल्पनावैभव आणून गझल हा काव्यप्रकार नटविला.

गझल म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. दोन ओळींचा एक शेर, व अशा कांहीं शेरांची मिळून एक गझल होते. प्रत्येक शेर अर्थानें स्वतंत्र असला तरी चालतो; पण वृत्त व यमक अखेरपर्यंत एकच ठेवावें लागतें. यमकास काफिया व त्यामागून जसाच्या तसा येणाऱ्या शब्दांस रदीफ म्हणतात. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत हें यमक साधतात. त्या शेरास मतला हें नांव आहे. शेवटच्या शेरांत, म्हणजे मक्त्यांत, अभंगकर्त्या संतांप्रमाणें कवि बहुधा आपलें नांव गुंफतो.

वलीस प्रवासाची आवड होती. सुरत शहराच्या वर्णनपर त्यानें एक दीर्घ काव्य रचिलें आहे. १७०० सालीं तो दिल्लीस गेला. तेथील कवि तेव्हां फारसींतच लिहीत. घरांत व बाजारांत बोलावयाची भाषा काव्यास हलकी, असा त्यांचा समज होता. दिल्लींतील शाह गुलशन नामक साधुपुरुषानें वलीस बोलभाषेंत काव्य करण्याचा उपदेश केला, अशी एक आख्यायिका आहे. पण दखनी काव्याचा शंभर वर्षांहून अधिक काळचा वारसा पाठीशीं असणाऱ्या वलीस ती दीक्षा दिल्लींत घ्यावी लागली, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

पुढें १७२० च्या सुमारास वलीचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, दिल्लीस पोहोंचला आणि त्याच्या गझला लोकांच्या तोंडीं बसल्या. त्या वेळीं तरुण असलेल्या शाह हातिमनें व इतर कवींनीं त्या धर्तीवर रचना आरंभिली. मीर व गालिब यांच्या थोर परंपरेचा मार्ग अशा रीतीनें मोकळा झाला. १८३४ सालीं गार्सें द तासी या फ्रेंच पंडितानें वलीचें काव्य पॅरिस येथें छापून प्रसिद्ध केलें.

वली अहमदाबादेंत निवर्तला. तेथील त्याची कबर २००२ सालच्या दंगलींत उद्ध्वस्त करण्यांत आली व त्या जागेवरून डांबरी रस्ता गेला. ही गोष्ट लिहितांना आम्हांस फार खेद होतो. ज्यानें दोन प्रांतांच्या बोली एका काव्यांत नांदविल्या, त्याच्या विश्रांतिस्थानाची अशी गति व्हावी ना! दगडाची कबर मोडतां आली. परंतु त्याचे शेर आजही जाणते लोक आवडीनें म्हणतात.

आमच्या पालकवर्गासही या चरित्रांत विचार करण्यासारखें कांहीं आहे. वली फारसी शिकला, तिचें धन त्यानें घेतलें. पण तें आपल्या घरच्या भाषेच्या पदरांत टाकलें. १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणला, तोही याच वृत्तीनें. आमच्या मुलांनीं परकी भाषा मन लावून शिकाव्या. मात्र तेथें मिळालेलें ज्ञान मायबोलींत सांगण्याची लाज त्यांनीं कधींही बाळगूं नये.