भारताचे एडिसन : शंकर आबाजी भिसे

फायनल प्रोजेक्टच्या आठवड्यात आपली लॅब कशी दिसते हे वेगळं सांगायला नको. थर्माकोलचे तुकडे, सोल्डरचा धूर, रात्रभर चाललेलं कोडिंग आणि कॅन्टीनचा उधारीचा चहा! इंटरॅक्शन डिझाइन या विषयासाठी आमच्या ग्रुपने किराणा दुकानातला बोलणारा काटा बनवला होता. वस्तू ठेवली की काटा मराठीतून वजन सांगणार. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्या गिऱ्हाइकांची सोय, अशी आमची कल्पना. लॅबमध्ये तो एकदम झकास चालला. सरांनी मात्र सबमिशनच्या आधी तो एखाद्या खऱ्या दुकानात नेऊन बघायला सांगितलं.

मी तो माझ्या गावी, चांदूर रेल्वेला घेऊन गेलो. घराजवळच्या दुकानात एक आजी अदपाव गूळ घ्यायला आल्या. काट्याने ऐटीत सांगितलं, एकशे पंचवीस ग्रॅम. आजींनी आधी काट्याकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे, आणि हे अदपावच आहे ना, का कमी आहे, असं त्यालाच विचारलं. संपलं! ज्यांच्यासाठी इतका खटाटोप केला त्यांना आमचं यंत्र काय म्हणतंय हेच कळलं नाही.

त्याच सुट्टीत शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल वाचायला मिळालं आणि गंमत वाटली. कारण त्यांचं नाव इंग्लंडपर्यंत पोचलं तेही किराणा तोलण्याच्या यंत्रामुळेच! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एडिसन आणि ग्रॅहम बेल आम्हाला पाठ होते, पण भिसे हे नाव कधी कानावर आलं नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच असेल, म्हणून हा लेख.

भिसे यांचा जन्म 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचं वेड. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस तयार करण्याचं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी तर त्यांचं ठरूनच गेलं, की शोध लावायचे आणि त्यासाठी इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचं. लक्षात घ्या, त्या काळात आपल्याकडे ना धड प्रयोगशाळा होत्या, ना तरुण संशोधकाला पैसे देणारं कोणी. तरीही त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा एक क्लब काढला आणि सामान्य माणसाला विज्ञान कळावं म्हणून विविध कला प्रकाश नावाचं मराठी मासिक चालवलं. एक वस्तू बघता बघता दुसऱ्याच वस्तूत बदलते, असे दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करायचे. हे प्रयोग त्यांनी थेट मँचेस्टरमध्ये जाऊन दाखवले.

1890 च्या दशकाच्या शेवटी संशोधकांसाठी निघणाऱ्या एका ब्रिटिश मासिकाने स्पर्धा जाहीर केली. दुकानातला माल आपोआप तोलून देणारं यंत्र कसं असावं, त्याचं डिझाइन पाठवायचं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही एक डिझाइन असाइनमेंटच! भिसे यांनी मुंबईत बसून आपला आराखडा पाठवला आणि इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून पहिला नंबर पटकावला. या एका यशामुळे मुंबईतल्या मोठ्या माणसांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींच्या नावे ओळखपत्र दिलं. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये 1892 साली निवडून आलेले हेच ते दादाभाई. त्यांनी भिसे यांना नुसता आशीर्वाद दिला नाही, तर पदरचे पैसे घातले.

लंडनमध्ये भिसे यांच्या डोक्याला जणू पंख फुटले. जाहिराती दाखवणारं विजेचं यंत्र, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप पाणी सोडणारा संडास, डोकेदुखीवरचं उपकरण, एक ना दोन! पुढे आयुष्यभरात त्यांनी सुमारे 200 शोध लावले आणि सुमारे 40 पेटंट मिळवली असं सांगितलं जातं. यातल्या कितीतरी गोष्टी रोजच्या जगण्यातल्या आहेत. माणूस दिवसभरात कुठे अडतो, हे ते बघत असावेत असं मला वाटतं.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता छपाईत. तेव्हा छपाईसाठी शिशाचे खिळे लागायचे. एका अक्षराला एक खिळा. हे खिळे ओतायचे आणि ओळीत जुळवायचे, हे फार किचकट काम होतं. लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रं बाजारात आलेली होती, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जलद यंत्र करता येईल अशी भिसे यांची खात्री होती. लंडनमधल्या नामवंत कॅस्लन टाइप फाउंड्रीच्या जाणकारांना ते अशक्य वाटलं. भिसे यांनी वाद घालण्यापेक्षा यंत्रच करून दाखवलं. 1908 च्या सुमारास त्यांचं यंत्र मिनिटाला 1200 खिळे ओतू शकत होतं. त्याला नाव मिळालं भिसोटाइप.

इथे आपल्यासारख्याला वाटेल, झालं, जिंकले! पण गोष्ट इथेच वळण घेते. यंत्र चालतं हे सिद्ध झालं तरी ते कारखान्यात बनवून छापखान्यांपर्यंत पोचवायला प्रचंड भांडवल हवं होतं. एका ब्रिटिश नेत्याने कबूल केलेले पैसे उभे राहिले नाहीत. दादाभाई 1907 साली भारतात परतले होते. शेवटी भिसे यांनीही निराश होऊन मुंबईची बोट पकडली. योगायोग बघा, त्याच बोटीवर त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांना या माणसाचं मोल कळलं. त्यांच्या प्रयत्नांतून जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा मदतीला आले आणि 1910 मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट लंडनमध्ये सुरू झालं. भिसे पुन्हा कामाला लागले. यंत्रात सुधारणा होत राहिल्या, पण विक्री काही जमेना. त्यात पहिलं महायुद्ध पेटलं. 1915 मध्ये सिंडिकेट बंद झालं.

दुसरा कोणी असता तर खचला असता. भिसे यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमेरिका गाठली. 1920 मध्ये न्यूयॉर्कला आपल्या खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी नवी कंपनी काढली. गंमत म्हणजे पैसा मिळाला तो यंत्रातून नाही, तर आयोडीनपासून बनवलेल्या अॅटोमिडाइन नावाच्या औषधातून. 1930 मध्ये ते थॉमस एडिसन यांना भेटले. लोक ज्यांना भारताचे एडिसन म्हणत, त्यांची आणि खऱ्या एडिसनची ही भेट! 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचं निधन झालं. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

आज भिसोटाइप कुणाला आठवत नाही. मला वाटतं, भिसे यांची बुद्धी कुठेच कमी पडली नाही. चालणारं मॉडेल आणि ते वापरणारा माणूस यांच्यामध्ये जो लांबचा रस्ता असतो, त्या रस्त्यावर ते अडकले. पैसा, बाजार, युद्ध आणि गुलाम देशाचा नागरिक असणं, सगळंच आडवं आलं. एडिसनच्या पाठीशी मोठे भांडवलदार आणि सगळा देश उभा होता. भिसे यांच्या पाठीशी दोन-चार भली माणसं होती.

आपल्या प्रोजेक्टचा रस्ता तर व्हायवा झाला की संपतो. काही जण शहरातून रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणतात, तेही आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांची मॉडेल्स मार्क मिळाले की कपाटात जातात. आपल्या आडवं ना युद्ध येतं, ना परकं सरकार. मग आपण व्हायवापाशीच का थांबतो?

आमच्या ग्रुपने काट्याचं कोडिंग बदललंय. आता तो छटाक, अदपाव, पाव, अर्धा किलो असं आजींच्या भाषेत बोलतो. सबमिशन झालं, मार्कही मिळाले. तरी दिवाळीच्या सुट्टीत मी तो पुन्हा चांदूर रेल्वेच्या त्या दुकानात नेणार आहे. आजी गूळ घ्यायला येतीलच. या वेळी त्यांनी दुकानदाराला काहीच विचारलं नाही, तर मी समजेन की प्रोजेक्ट पूर्ण झाला!