हॅरिएटबाई स्टोव आणि टॉमचे नाटक

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली; पण ७ मुलांच्या आईची ही हकीकत मनाला फार लागली, म्हणून सांगते.

हॅरिएट बीचर स्टोव अमेरिकेत १८११ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मल्या. १८४९ साली सिनसिनाटीत पटकीने त्यांचा दीड वर्षांचा चार्ली गेला. ज्यांची मुले बाजारात विकली जात, त्या गुलाम आयांचे दुःख त्यांना तेव्हा उमगले. मग तान्हे मूल नि घरकाम सांभाळून त्यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. १८५२ साली पुस्तक निघाले. वर्षभरात तिकडे ३ लाख प्रती खपल्या.

नाटकाला मात्र त्यांनी नकार दिला. धर्मशील घरांत नाट्यगृह वर्ज्यच! पण कायदा तेव्हा लेखकाच्या बाजूचा नव्हता. परवानगीवाचून नाटके निघाली, बाईंना पैही मिळाली नाही. न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड’ पत्राने १८५२ सालीच अशा एका खेळावर झोड उठवली. म्हणे याने देशात फूट पडेल. तरी जॉर्ज एकिन यांच्या नाटकात चिमुरडी कॉर्डेलिया हॉवर्ड इव्हा होऊन मरे, तेव्हा कधी थिएटरची पायरी न चढलेलेही रडत.

मला राग येतो तो पुढच्या कंपन्यांचा. पुस्तकातला टॉम चांगला धट्टाकट्टा. पळालेल्या दोघी बायांचा ठावठिकाणा सांगेना, म्हणून मार खाऊन मेला. त्याचा यांनी वाकलेला, लाचार म्हातारा केला. वर शिकारी कुत्री नि नाचगाणी! पुढे काळ्या लोकांत त्याचे नावच शिवी झाले. बाई १८९६ साली वारल्या, तरी ते खेळ चालूच होते.