राजाचा सातबारा

सर्व्हे हा विषय तिसऱ्या सेमिस्टरला आला, तेव्हापासून माझा हीरो एकच : इंग्लंडचा राजा विल्यम. हातात ना चेन, ना थिओडोलाइट, आणि पठ्ठ्याने जवळजवळ अख्ख्या देशाचा सातबारा करून घेतला!

हीरो म्हणालो खरा, पण माणूस भयंकर होता. नॉर्मंडीच्या ड्यूकचा हा अनौरस मुलगा. १०३५ मध्ये बाप गेला तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. भाऊबंदकी, खून, कारस्थानं, सगळ्यातून तगला. १०६६ मध्ये समुद्र ओलांडून हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि त्याच नाताळात इंग्लंडचा मुकुट घातला. उत्तरेत बंड झालं, तर १०६९-७० च्या हिवाळ्यात गावंच्या गावं धान्यासकट जाळली. माणसं उपाशी मेली.

१०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरच्या दरबारात मोजणीचा हुकूम सुटला. डेन्मार्कच्या स्वारीची भीती होती आणि तिजोरीत पैसा हवा होता. मोजणी म्हणजे काय, तर शपथेवर विचारणं. गावचा पाद्री, कारभारी आणि सहा गावकरी बोलवायचे. जमीन कोणाची? नांगर किती, गिरण्या किती, गुलाम किती? आणि खरी गोम पुढेच आहे. तीन काळांची उत्तरं हवीत : जुना राजा एडवर्ड असताना, विल्यमने जमीन वाटली तेव्हा, आणि आता. म्हणजे कोणाची हिसकावून कोणाला दिली, हे यानेच लिहून ठेवलं! १०८६ पर्यंत मोठे इंग्रज जमीनदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. यॉर्कशायरच्या नोंदींत तर गावामागून गाव ‘ओसाड’.

तेरा हजारांवर ठिकाणं त्यात आहेत. यातल्या नोंदीवर अपील नाही, म्हणून लोक त्याला ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, म्हणजे कयामतीच्या दिवसाची वही. नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी डूम्सडे लेझर डिस्कवर काढली. पंधराएक वर्षांत ती वाचायला मशीन मिळेना! कातड्यावरची मूळ वही मात्र आजही वाचता येते. (कॉम्प्युटरवाल्यांनी राग मानू नये.)

सप्टेंबर १०८७ मध्ये विल्यम गेला. त्यानेच बांधलेल्या काँ इथल्या मठात दफन ठरलं. ऐन विधीच्या वेळी आस्लाँ नावाचा एक साधा माणूस उभा राहिला. ही जागा माझ्या बापाची, ड्यूकने जबरदस्तीने घेतली, इथे पुरू देणार नाही म्हणाला. शेजाऱ्यांनी साक्ष दिली. शेवटी साठ शिलिंग मोजून कबरीपुरती जमीन सोडवावी लागली.